ट्रेलरचा ब्रेक ढिला म्हणून लगेच मॅग्नेट बदलू नका राव

पंधरा दिवस झाले एक मेसेज फिरतोय, मला मंडपवाल्यांच्या ग्रुपवर आला, मग मेव्हण्याने पाठवला. मेसेज असा, की ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक कमी लागत असतील तर गेन (गाडीतल्या कंट्रोलरवरची, ट्रेलरच्या ब्रेकला किती करंट द्यायचा ती सेटिंग) फुल करा, तरी नाही लागले तर मॅग्नेट (ड्रमच्या आतलं विजेवर चालणारं चुंबक) गेले समजा. मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके, अर्थ (करंट परत जायची वाट) हुकातून मिळतेच, आणि ड्रम वाजत असेल तर थोडं ग्रीस मारा. खाली अंगठ्यांची रांग.

आमचा जनरेटरचा दोनचाकी ट्रेलर आहे, बोलेरोमागे लावतो, 10 इंची ड्रम. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं गणित वेगळं, ते यात आणू नका. सिन्नरला लग्नाची ऑर्डर होती, परत येताना मोहदरी घाटात ट्रेलर मागून असा ढकलायला लागला की पाय ब्रेकवरून उचलवेना. दुसऱ्या दिवशी अंबडला एका वर्कशॉपात नेला, तिथे हेच ऐकवलं, मॅग्नेट गेले. मीपण शहाणा, जोडी मागवून टाकली.

आता त्या 12 व्होल्टचं बघा. गाडी नि ट्रेलरची वायर जोडणारा प्लग काढून मीटर लावला की 12 दिसणारच, तारेचा एक केस जरी शाबूत असला तरी दिसतात, कारण तेव्हा करंट वाहतच नसतो. लोड असताना मोजायचं, म्हणजे एकाने कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका पूर्ण दाबून धरायचा आणि दुसऱ्याने खाली चाकापाशी मीटर लावायचा. पोराला गाडीत बसवलं, मी खाली झोपलो, रीडिंग आलं साडेसहा व्होल्ट. ब्रेकच्या वायरमधे अँपिअर मीटर घातला तर चार. या साइजच्या मॅग्नेटला प्रत्येकी साधारण 3 अँपिअर लागतात, म्हणजे दोन चाकांना 6. दोन अँपिअर गेले कुठं?

गेले अर्थमधे. हुकाचा गोळा ग्रीसने माखलेला, वर रंग, खाली गंज, गाडी उडाली की टेकतो नि सुटतो, त्याच्या भरवशावर घाट उतरायचा का? प्लग उघडला तर अर्थची पिन हिरवी पडलेली, आणि चेसिसवरचा अर्थचा बोल्ट चक्क ऑइलपेंटवर कसलेला (वर्कशॉपवाल्याने ट्रेलर रंगवला होता, दिसायला एक नंबर). रंग खरवडला, पिन बदलली, प्लगपासून जाड अर्थवायर वेगळी ओढली. सहा अँपिअर. खर्च एका पिनचा आणि वायरचा.

गेन फुल करणं तर धोक्याचंच. ट्रेलर रिकामा असेल तर चाकं लॉक होऊन घसरतात. सपाट कोरड्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या स्पीडला गेन वाढवत जायचं, चाकं लॉक व्हायला लागली की जरासं मागे घ्यायचं, आणि माल भरला की परत सेट करायचं.

ग्रीसवाल्याला तर साष्टांग दंडवत. मॅग्नेट ड्रमला चिकटून ओढला जातो, त्याने दांडी फिरते आणि शूज (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) दाबले जातात, सगळा खेळ घर्षणाचा, तिथं ग्रीस घालून काय लोणी काढायचंय? ग्रीस प्यायलेले शूज पेट्रोलने धुऊनही सुधारत नाहीत, बदलावेच लागतात.

आणि त्या मेसेजात अॅडजस्टमेंटचं नावच नाही! बऱ्याच इलेक्ट्रिक ब्रेकमधे शूज घासले की गॅप आपोआप भरत नाही. जॅक लावायचा, मागच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हर घालून दात्याचं चाक टकटक करत फिरवायचं, टायर हाताने जड जायला लागला की थोडं सोडायचं. माझ्या डाव्या चाकाला मोजून अकरा दाते फिरवावे लागले.

मॅग्नेट जातच नाहीत असं नाही. 10 इंचीला वायर सोडवून मोजलं तर साधारण 3.2 ओहम यायला हवेत, आणि वायर ते मॅग्नेटची बॉडी असं लावल्यावर मीटर हलायला नको. हलला किंवा घासून आतलं तांबं दिसायला लागलं तर बदला, तेही दोन्ही चाकांचे एकदम. माझे दोन्ही 3.2 च निघाले, नवी जोडी अजून खोक्यात पडलीय, कुणाला हवी असेल तर नाशिकरोडला येऊन घेऊन जा.