वुल्व्हरिन कुणाला घाबरत नाही, म्हणून त्याला कुणाची गरज नाही?

वुल्व्हरिन या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या, पाणमांजराच्या कुळातल्या मांसाहारी प्राण्याचा एक व्हिडिओ पुन्हा फिरतोय. सोबतचा मजकूर ठरलेला: ‘हा अस्वलालाही पळवतो. जन्मभर एकटा राहतो, बाप तर पिल्लांचा वैरीच. नावातच खादाड. माणूस पोचत नाही अशा बर्फात राहतो, त्याला कसली संरक्षणाची गरज?’ शेवटचं वाक्य आधीच्या वाक्यांच्या जिवावर उभं आहे, म्हणून एकेक बघू.

अस्वल. मोठा नर म्हणजे पंधरा-अठरा किलोंचा ऐवज. मेलेल्या जनावरावरचा हक्क सांगायला तो कितीही मोठ्या शत्रूवर गुरगुरतो, हे खरं. पण लांडगे, अस्वलं आणि प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) यांनी वुल्व्हरिन मारल्याच्याही नोंदी आहेत. त्यांचे व्हिडिओ कोण कशाला पाठवेल!

एकटेपणा आणि बाप. हा समज मोडला तो अमेरिकेत, मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये. संशोधक जेफ कोपलँड आणि सहकाऱ्यांनी तिथे 2002 पासून काही वर्षं वुल्व्हरिनचा माग काढला. पिंजरे जाडजूड ओंडक्यांचे, वर ओंडक्यांचंच झाकण. आत अडकलेलं जनावर ते ओंडके कुरतडून वाट काढू लागे, त्यामुळे झाकण पडल्याची खबर आली की हिवाळ्यात स्कीवरून धावपळ. या प्राण्याची मान डोक्याइतकीच जाड, माग काढायचा रेडिओ गळपट्टा निसटतो. म्हणून अनेकांच्या पोटात शस्त्रक्रियेने ट्रान्समीटर बसवावे लागले. एवढ्या खटाटोपातून जे दिसलं ते भलतंच होतं. नर आपल्या पिल्लांना भेटत होते, वाढती पिल्लं काही दिवस बापासोबत हिंडून पुन्हा आईकडे परतत होती. दुसऱ्या वुल्व्हरिनकडून पिल्लं मारली जातात, हे स्कँडिनेव्हियात दिसलं आहे. पण तेवढ्यावरून बापाला खुनी ठरवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

खादाडपणा. ‘गुलो’ हे शास्त्रीय नाव लॅटिनमधल्या खादाडाचंच. जर्मन ‘फीलफ्रास’चा अर्थही भरपूर खाणारा, पण तो ऐकण्यातला घोटाळा मानतात: मूळ उत्तरेकडचा शब्द ‘डोंगरातलं मांजर’ अशा अर्थाचा होता. प्रत्यक्षात हा प्राणी काटकसरी. मिळालेलं मांस बर्फात, दगडांच्या फटीत पुरून ठेवतो. वरच्या जबड्यातली मागची दाढ आतल्या बाजूला वळलेली, गोठलेलं मांस आणि हाडं फोडायला सोयीची. फेब्रुवारी-मार्चच्या कडाक्यात पिल्लं जन्माला घालून पाजणाऱ्या मादीचं त्या पुरलेल्या साठ्यावर बरंच अवलंबून असतं.

आता मुख्य मुद्दा. जानेवारी 2003 मध्ये एम-3 नावाच्या नराने त्याच पार्कमधल्या माउंट क्लीव्हलँडचा शेवटचा 4,900 फुटांचा चढ 90 मिनिटांत पार केला. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती खरी आणि थरारक आहे. पण असा दमसास लागतो, कारण एका नराचा मुलूखच 500 चौरस किलोमीटरच्या आसपास. इतक्या पसाऱ्यात किती मावणार? अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूभागात मिळून सुमारे 300. त्यातही 2010 च्या अभ्यासात उत्तर अमेरिका आणि स्कँडिनेव्हियात तपासलेल्या, विणीच्या 562 गुहांपैकी जवळपास 98 टक्के, वसंत ऋतूतही बर्फ टिकतो अशाच ठिकाणी सापडल्या. बर्फ आखडला की घरं आखडली. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या त्या मुख्य भूभागात त्याला ‘संकटग्रस्त’ म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं ते म्हणूनच.

आणि ‘माणूस पोचत नाही’? एम-56 हा तरुण नर 2009 मध्ये वायोमिंगहून कोलोराडोत पोचला. तिथे 1919 नंतरची ती पहिली खात्रीची नोंद. 2016 मध्ये नॉर्थ डकोटात गुरांजवळ दिसला आणि गोळीला बळी पडला.

स्वीडनने 1996 पासून उलटा मार्ग धरला. रेनडिअर पाळणाऱ्या सामी या तिथल्या मूळनिवासींच्या गावांना वुल्व्हरिनने मारलेल्या रेनडिअरमागे नाही, तर आपल्या भागात वुल्व्हरिनची वीण झाल्याची नोंद झाली की पैसे. ज्या गुहेकडे बंदूक घेऊन जायचं, ती आता मोजून घेण्यातच फायदा. साधारण दशकभरात तिथे नोंदलेल्या विणी 57 वरून 125 वर गेल्या.