फाइल पाठवलीये, बघून घ्या

तर तुम्हाला तुमचा डेटा कुणाला तरी द्यायचाय. प्रत्येकाची प्रोग्रॅमिंगची भाषा वेगळी, तुम्ही मॅटलॅबवाले, समोरचा पायथनवाला, त्याच्या मॅडम आरवाल्या आणि या सगळ्याच्या तळाशी कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेला फोरट्रानचा कोड, ज्याला हात लावायची कुणाची टाप नाही. पाषाण-बाणेर भागात कुठल्याही लॅबमध्ये जा, असं एकत्र कुटुंब सापडेल. काम म्हणाल तर दहा मिनिटांचं आहे. पण दहा मिनिटांत उरकलं तर पीएचडीच्या उरलेल्या चार वर्षांचं काय करणार? म्हणून हे चार अनुभवाचे बोल, फुकटात.

पहिलं म्हणजे फाइलबरोबर एक अक्षर लिहून पाठवायचं नाही. आपण पुणेकर, फाटकावर पाटी लावतो, जिन्यात लावतो, बेल किती वेळा वाजवावी याची लावतो, आमच्या लॅबच्या दारावर तर चपला कुठल्या दिशेला तोंड करून काढाव्यात तेही लिहिलंय. फाइलवर मात्र काही नाही, आतमध्ये किती आकडे, कुठल्या क्रमानं, चार बाइटचे की आठ, काही म्हणजे काही नाही. नाव ‘फायनल२नवीन.डॅट’, आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ, ‘फाइल पाठवलीये, बघून घ्या’.

आता क्रमाचं काय ते सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. आकड्यांचा तक्ता मेमरीत एका लांब ओळीतच ठेवावा लागतो, आणि आधी आडवं जायचं की उभं ते भाषेभाषेवर. समजा तुमची सोसायटी तीन मजली, मजल्यावर चार फ्लॅट. सी भाषेचा दूधवाला पहिल्या मजल्यावरची चारही दारं करतो, मग दुसरा मजला, मग तिसरा, माणसासारखा. फोरट्रानचा दूधवाला १०१ ला पिशवी ठेवतो, तिथून २०१, मग ३०१, मग परत खाली येऊन १०२. १९५७ साली आयबीएमनं त्याला कामावर ठेवला तेव्हापासून तो असाच उभा चढतोय, आणि मॅटलॅब, आर, ज्युलिया सगळी त्याच घराण्यातली, पायथनचं आकडेमोडीचं नमपाय मात्र न सांगता सोडलं की सीसारखं आडवं जातं. आता क्रेट भरली एकानं आणि वाटायला गेला दुसरा तर काय होईल? बारा पिशव्या, बारा दारं, एक उरत नाही की कमी पडत नाही, हिशेब चोख. फक्त २०३ मधल्या आजींना गाईच्या ऐवजी म्हशीचं येतं, आणि कंप्युटरला आजी नसतात त्यामुळे तक्रार कोण करणार.

माझंच सांगतो. हवामान खातं, म्हणजे आपलं शिवाजीनगरचं सिमला ऑफिस, रोजच्या पावसाचा ग्रिडेड, म्हणजे नकाशावर चौकटी पाडून दिलेला डेटा देतं, पाव अंशाचा, रेखांशावर १३५ ठिपके आणि अक्षांशावर १२९, म्हणजे दिवसाला १७,४१५ आकडे एकामागे एक. कसं वाचायचं ते खात्यानं व्यवस्थित सांगितलेलं असतं, पण ते वाचतो तो इंजिनिअर कसला! मी ठोकून दिलं १३५ ओळी आणि १२९ रकाने. गुणाकार तोच, त्यामुळे एरर नाही, वॉर्निंग नाही, नकाशा आला आणि त्यावर सुंदर तिरके पट्टे, प्रत्येक ओळ सहा घरं सरकत गेलेली. कोकणातला पाऊस तिरपा होत होत कुठल्या कुठे पोचला होता. सर चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले आणि म्हणाले, ‘इंटरेस्टिंग आहे रे, हे पट्टे एखाद्या लाटेसारखे वाटतायत, जरा खोलात जा.’ मी खोलात गेलो. तीन आठवडे. पोस्टरचं टायटलसुद्धा ठरलं होतं, ते सांगत नाही, लाज वाटते. शेवटी टपरीवर कटिंग घेताना शेजारच्या लॅबमधल्या पोरानं मोबाइलवर नकाशा बघितला आणि म्हणाला, ‘दादा, उलटं टाकून बघितलंस का?’ तर सांगायचा मुद्दा काय, टपरीवर नकाशे दाखवू नका.

त्यात जिथे डेटा नाही, समुद्र वगैरे, तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. ते काढायचं नाही, धरूनच सरासरी घ्यायची. एका किनारपट्टीच्या जिल्ह्याचा पाऊस माझ्याकडे उणे ४०० मिलिमीटर आला होता, म्हणजे ढग आले आणि विहिरीतलं पाणी वर घेऊन गेले. मॅडमच्या आरमधून कच्चे बाइट आले तर आणखी मजा, पूर्णांकात ‘माहीत नाही’ म्हणायला आर आतमध्ये उणे २१४७४८३६४८ ठेवतं आणि पायथनला तो खराखुरा आकडाच वाटतो.

बायनरीची, म्हणजे कच्च्या बाइटची, भीती वाटत असेल तर मजकूर करून पाठवा. डबलचा, म्हणजे आठ बाइटचा, आकडा अक्षरात लिहून परत जसाच्या तसा मिळायला १७ अंक लागतात, पण मॅटलॅब पडद्यावर दशांशापुढे चारच दाखवतं, तेवढेच माउसनं ओढून कॉपी करा, एक्सेलमध्ये चिकटवा, पुढे मॅट्रिक्सचं इन्व्हर्स काढताना समोरच्याच्या डोक्याला मुंग्या आल्या की कोडमध्ये बग असेल म्हणा. किंवा मॅटलॅबची मॅट फाइल द्या, पण ७.३ व्हर्जनमध्ये सेव्ह करून, पायथनच्या सायपायचा लोडमॅट ती उघडतच नाही कारण आतून ती एचडीएफ५ नावाच्या वेगळ्याच प्रकारची असते, मग तो बिचारा ती वाचणारं एच५पाय टाकतो, फाइल उघडते, आणि ॲरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, कुशीवर झोपलेला निघतो, आडव्याचं उभं. नेटसीडीएफ किंवा नमपायची साधी एनपीवाय फाइल चुकूनही वापरू नका, त्या एनपीवायच्या सुरुवातीलाच आकार काय, आकडे कुठल्या प्रकारचे आणि ‘फोरट्रान ऑर्डर’ खरं की खोटं असं स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे पाटी! असं सगळं लिहून दिलं तर माणसं एकमेकांशी बोलणार कधी?

बरं, डेटा पोचला, आता लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. पिप इन्स्टॉल नमपाय म्हटलं की गॅसवरचा चहा वर यायच्या आत सगळं बसतं, मॅट्रिक्सची गणितं करणाऱ्या ओपनब्लाससकट. पण मशीन आपलं, प्रोसेसर आपला, मग दुसऱ्यानं शिजवलेलं का खायचं? सोर्सपासून कंपाइल करा. पहिली अडचण नावांची. ब्लासमधलं, म्हणजे या गणितांच्या मूळ संचातलं, डीजीईएमएम हे काही शिव्यांचं संक्षिप्त रूप नाही, डी म्हणजे डबल, जीई म्हणजे जनरल, एमएम म्हणजे मॅट्रिक्स गुणिले मॅट्रिक्स, जुन्या फोरट्रानमध्ये नावाला सहाच अक्षरं मिळायची, लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ बसवतात तसं बसवलंय. दुसरी अडचण शेपटीची, फोरट्रानचा कंपायलर नावामागे गुपचूप एक अंडरस्कोर लावतो आणि तुमचा सीचा कोड बिनशेपटीचं नाव शोधत फिरतो, कोडचे तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो अनडिफाइन्ड रेफरन्स. लायब्ररी आहे, फंक्शन आहे, पण नाही. लग्नाच्या हॉलमध्ये वरपक्ष एका दारानं आत आणि वधूपक्ष दुसऱ्या दारात उभा, तसं.

यावर उपाय म्हणजे अजून एक ब्लास टाका. मग अजून एक. कोंडा नावाच्या इन्स्टॉलरचा वेगळा, पिपचा वेगळा, सीनिअरनं जाताना होम फोल्डरमध्ये ठेवून दिलेला वेगळा, आणि बॅशआरसीमध्ये लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या एलडी लायब्ररी पाथच्या अकरा ओळी, त्यातल्या नऊ कशासाठी ते कुणालाच माहीत नाही पण काढल्या की काहीतरी मोडतं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं, आधीच्या १ व्हर्जनवर कंपाइल केलेली मॉड्यूल्स त्यावर चालत नाहीत, म्हणून पेपर सबमिट करायच्या आदल्या रात्री अपग्रेड करा, रात्री काम शांतपणे होतं.

एवढं करून चाललंच, तर ३२ कोअरच्या सर्व्हरवर ३२ जॉब एकदम सोडा. ओपनब्लासला कुणी अडवलं नाही तर प्रत्येक जॉब आपापले ३२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे कामगार, काढतो, एकूण १,०२४, म्हणजे संध्याकाळी सातचा कर्वे रोड, सगळे हॉर्न वाजवतायत आणि पुढे कुणीच सरकत नाही. थ्रेड एकावर आणायची एकच ओळ असते. ती ॲडमिनकाकांना माहितीये, पण ते सांगणार नाहीत, ते तुमचं अकाउंट बंद करतील.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये नवीन मुलगी आलीये, सरांनी माझी ती जुनी पावसाची फाइल तिला दिली. दुपारी माझ्या टेबलापाशी आली, हातात वही, वहीत तारीख घातलेली. म्हणाली, ‘दादा, यात आधी १२९ की आधी १३५?’ मी स्क्रीनकडे बघितलं, फाइलच्या नावाकडे बघितलं, फायनल२नवीन. तेव्हा सरळ करून सेव्ह केली होती की त्याच्या आधीची आहे, काही केल्या आठवेना.

‘दोन्ही करून बघ ना,’ म्हटलं, ‘नकाशा ज्यात बरा दिसेल ते ठेव.’