इटलीतला आन्द्रेआ आणि ग्रुपवरची कियारा

बारशाची यादी काढायला बसलेल्यांसाठी एक फॉरवर्ड हल्ली फिरतंय. म्हणे इटालियन नावं ओळखायला सोपी: सगळी लॅटिनमधून आलेली, शेवटी 'ओ' असेल तर मुलगा, 'आ' असेल तर मुलगी. शिवाय 'मिया' म्हणजे 'माझी' आणि 'कियारा' म्हणजे काळ्या केसांची.

आधी तो 'आ'. गायक आन्द्रेआ बोचेल्ली पुरुष, २००६चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला आन्द्रेआ पिर्लोही पुरुष. लुका, निकोला, मात्तिआ हीसुद्धा मुलांचीच नावं. गंमत म्हणजे आन्द्रेआ ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थच 'पुरुष'! जर्मनीत ते मुलींचं नाव झालं. इटलीत मात्र मुलीला ते ठेवायला हरकत नाही, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा निकाल लागला. (आपले तुका आणि नामा तरी कोण होते?)

सगळी लॅटिन? मार्को, लुचिया, मास्सिमो ही खरीच लॅटिन. जोव्हान्नी आणि जुझेप्पे बायबलमार्फत आलेली हिब्रू, अलेस्सांद्रो ग्रीक. फेदेरिको, आल्बेर्तो, कार्लो तर चक्क जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातली. ५६८मध्ये लोंबार्ड या जर्मानिक टोळ्या इटलीत उतरल्या, मागाहून त्याच कुळातले फ्रँक लोक आले, आणि असली नावं तिथे रुजली. १५८३मध्ये गोव्यात साष्टीतल्या कुंकळ्ळीत मारला गेलेला जेझुइट पंथाचा पाद्री रोदोल्फो आक्वाविवा इटलीचाच; त्याच्या नावात 'कीर्ती' आणि 'लांडगा' हे दोन जर्मानिक शब्द आहेत. इतकंच कशाला, 'पांढरी' या अर्थाची बियांका अस्सल इटालियन वाटते, पण तो 'पांढरा'सुद्धा जर्मानिकमधून उसना घेतलेला.

मियाचं अर्धं खरं. इटालियनमध्ये 'मिया' म्हणजे 'माझी', पण नाव म्हणून ते मारियाचं लाडकं रूप, आणि तेही उत्तर युरोपातून आलेलं.

कियाराची मात्र पार उलटापालट झाली आहे. इटालियन स्पेलिंगमध्ये 'सीएच' असतं, म्हणून यादीवाले कधी 'चियारा' लिहितात; पण त्याचा उच्चार 'क'. मूळ लॅटिन 'क्लारा': स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत फ्रान्सिसची अनुयायी संत कियारा हिच्यामुळे ते घरोघरी गेलं. 'काळी' हा अर्थ दिसायला तसंच असलेल्या एका आयरिश नावाचा. त्याचा मूळ उच्चार 'कीरा'सारखा.

आमच्या ग्रुपवरच्या एका मावशींनी नातीचं नाव कियारा ठेवलंय आणि फॉरवर्ड वाचून त्या खट्टू झाल्या होत्या. त्यांना लगेच कळवलं: मावशी, अर्थ 'उजळ'. केसांचा काही संबंध नाही.