'फायरवॉल बसवल्यापासून साइट उघडत नाहीत': एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. फायरवॉल बसवल्यापासून सोसायटीच्या मेंटेनन्सच्या साइटवर 'पैसे भरा' दाबलं की काहीच होत नाही, आणि ऑफिसचं पोर्टल नुसतं फिरत राहतं. मोबाइल डेटावर दोन्ही चालतात. तुम्ही ब्लॉकिंग बंद करून पाहिलंत, फरक पडला नाही. आमच्याकडे फोन केलात तर 'साइटचाच प्रॉब्लेम आहे' असं सांगून फोन ठेवला गेला.

ते उत्तर चुकीचं होतं. मोबाइल डेटावर साइट चालते म्हटल्यावर शोध घरातल्या जोडणीपासूनच सुरू व्हायला हवा होता. बसवताना घेतलेला तुमच्या सेटिंगचा बॅकअप उघडून पाहिला. दोन साइटची कारणं दोन आहेत, आणि त्यातलं एक सरळ आमच्याकडून झालेलं आहे.

आधी तुम्ही काय बंद केलंत ते. तुमच्या बॉक्समध्ये, म्हणजे राउटरमध्ये, ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली आहे आणि त्यात अडवणारी दोन साधनं आहेत. बॅनआयपी आकड्यांचे पत्ते अडवतं, अ‍ॅडब्लॉक साइटची नावं अडवतं. तुम्ही बंद केलंत ते बॅनआयपी. अ‍ॅडब्लॉक डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या भागात) बसतं, त्यामुळे ते चालूच राहिलं. (मूळ 'फायरवॉल' सर्व्हिस मात्र थांबवू नका. नॅटचे, म्हणजे घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या एकाच पत्त्यावरून नेटवर नेण्याचे, नियम तिच्यातच असतात, ती थांबली की अख्ख्या घराचं नेट जातं.)

तुमच्या अभिप्रायातलं एक वाक्य आम्हाला फार उपयोगी पडलं: 'माझ्या लॅपटॉपवर पैसे भरता येतात, मिसेसच्या लॅपटॉपवर नाही.' एकच वायफाय, तरी एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही, म्हणजे बहुतेक तुमच्या क्रोममध्ये 'सिक्युअर डीएनएस'ला बाहेरचा सर्व्हर निवडलेला आहे. तो नावं परस्पर बाहेरून विचारून येतो, आमची यादी त्याच्या वाटेत येतच नाही. मिसेसचा लॅपटॉप राउटरला विचारतो आणि अडतो. सोसायटीची साइट स्वतः अडलेली नाही, म्हणून तर पान दिसतं. बटणामागचा पेमेंटचा भाग दुसऱ्या नावावरून येतो आणि ते नाव जाहिराती-ट्रॅकरच्या यादीत चुकून आलेलं असणार. अशा याद्यांमध्ये हे होतंच.

ते नाव शोधायला मिसेसच्या लॅपटॉपवर पान उघडून एफ१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबवर जा आणि मग 'पैसे भरा' दाबा. लाल ओळ येईल, तिच्यावर माउस नेलात की पूर्ण पत्ता दिसेल. एररमध्ये 'नेम नॉट रिझॉल्व्ड' असेल तर हेच कारण. 'टाइम्ड आउट' असेल तर अ‍ॅडब्लॉकला हात लावू नका, भानगड वेगळी आहे. नाव मिळालं की राउटरच्या पानावर सर्व्हिसेस, अ‍ॅडब्लॉक, मग अलाउलिस्ट. तिथे फक्त नाव टाका, पुढे एचटीटीपीएस नको आणि मागे तिरकी रेघही नको. सेव्ह करून अ‍ॅडब्लॉक रीलोड करा. लॅपटॉपला जुनं 'असं नाव नाही' हे उत्तर काही वेळ आठवत राहतं, तेव्हा कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, जागा सोडून /फ्लशडीएनएस (इंग्रजी अक्षरांत) देऊन ब्राउझर पुन्हा उघडा. लॅपटॉपचं डीएनएसच बदलून ८.८.८.८ (गूगलचं डीएनएस) करा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. साइट उघडेलही, पण मुलांसाठी लावून घेतलेला फिल्टर त्या लॅपटॉपवर त्याच क्षणी गेला.

आता ऑफिसचं पोर्टल. ही चूक आमची. तुमचं फायबर पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडायच्या पद्धतीवर) आहे. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले (डेटाच्या तुकड्यातले) ८ बाइट स्वतःकडे घेतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटचंच पॅकेट जातं. समोरचा सर्व्हर १५०० चं पाठवतो. 'लहान करून पाठव' असा निरोप त्याच्याकडे उलटा जायला हवा, पण काही साइट तो निरोप आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रकार) म्हणून दारातच अडवतात. मग छोटी पॅकेटं येतात, पिंगही (समोरचा उत्तर देतो का ते पाहणारा छोटा संदेश) लागतो, आणि साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचं मोठं पॅकेट आलं की सगळं ठप्प. त्या अर्थाने 'साइटचा प्रॉब्लेम' अर्धा खरा, पण तो सांभाळून घेणं हे राउटरचं काम. एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पॅकेटमधल्या डेटाला मर्यादा घालणं, चालू असलं की राउटर सुरुवातीलाच समोरच्याला १४५२ चा आकडा सांगतो (१४९२ मधून हेडरचे, म्हणजे पत्ता वगैरे लिहिलेल्या भागाचे, ४० वजा).

ओपनडब्ल्यूआरटीच्या तयार 'वॅन' झोनमध्ये (बाहेरच्या नेटच्या जोडणीसाठीच्या नियमांच्या गटात) ही टिक असतेच. तुमच्याकडे दोन कनेक्शन असल्यामुळे आमच्या माणसाने नवा झोन केला, त्यात मास्करेडिंगची (म्हणजे वर सांगितलेल्या नॅटची) टिक दिली आणि क्लॅम्पिंगची राहिली. मास्करेडिंग विसरलं असतं तर नेटच चाललं नसतं आणि तिथल्या तिथे कळलं असतं. क्लॅम्पिंग विसरलं की शंभरातल्या दोन-चार साइट रुसतात, म्हणून ते लपून राहतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग -एफ -एल १४६४ आणि पुढे १.१.१.१, हेही इंग्रजी अक्षरांत. उत्तर आलं पाहिजे. १४६५ केलंत की 'फ्रॅगमेंट (तुकडे) करावं लागेल' अशा अर्थाचा संदेश आला पाहिजे. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १४९२ होतात. आकडे जुळले तर नेटवर्क, फायरवॉलमध्ये तुमच्या झोनपुढचं एडिट दाबा, 'एमएसएस क्लॅम्पिंग'वर टिक करा, 'सेव्ह अँड अप्लाय'. राउटर रीस्टार्ट करायची गरज नाही, ब्राउझर बंद करून उघडा.

हे तुम्ही करावं अशी अपेक्षा नाही. आमचा माणूस येऊन करून देईल, भेटीचे पैसे लागणार नाहीत. तो येईल तेव्हा मिसेसचा लॅपटॉप आणि ऑफिसचा लॅपटॉप दोन्ही घरी हवेत, कारण दुरुस्ती तुमच्या लॅपटॉपवर तपासून उपयोग नाही. आणि बंद केलेलं बॅनआयपी आजच परत चालू करा, त्याचा या दोन्हीशी संबंध नव्हता.