अर्धं शटर

जर्मनीतल्या कार्ल्सरूहमधल्या माझ्या दुकानाच्या काचेवर दर ऑगस्टमध्ये मी एक कागद चिकटवते. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक आणि इस्त्रीचं टेबल. पँटची उंची कमी करायची, झिप बदलायची, कोटाचं फाटलेलं अस्तर लावायचं, एवढंच काम. कागदावर लिहिलेलं असतं की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आम्ही सुटीवर आहोत, घाईचं काम असेल तर पलीकडच्या रस्त्यावरच्या शिंप्याकडे द्यावं. तो शिंपी सीरियातून आलेला आहे आणि आमचं गिऱ्हाईक एकच आहे. इस्टरच्या सुट्यांत तो मुलांना घेऊन जातो, तेव्हा त्याच्या काचेवर माझ्या दुकानाचा पत्ता असतो.

दुकान सुरू केल्यावर पहिली दोन वर्षं मी असा कागद लावलाच नव्हता. बाबांच्या दुकानात वाढलेली मी. दुकान बंद ठेवायचं म्हणजे घरात कुणी तरी गेलेलं असायचं. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत एक निवृत्त शिक्षिका हिवाळ्याचा कोट घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही सुटीवर कधी जाताय?" मी म्हटलं, जात नाही. त्यांनी कोट काउंटरवरून परत पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "मग घाई नाही, ऑक्टोबरात आणते." त्यांच्या हिशेबात माझी सुटी आधीच धरलेली होती. मी न जाण्यानं त्यांचं काही अडणार नव्हतं आणि जाण्यानंही अडणार नव्हतं. त्या रात्री मी कॅलेंडर काढून बसले.

हे आता लिहायचं कारण नागपूरला चाललेली चर्चा. 2025 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला राज्य सरकारनं स्पष्ट केलं की दारूची दुकानं, बार वगैरे सोडून बाकीची दुकानं 24 तास उघडी ठेवता येतील. शाळेतल्या आमच्या ग्रुपवर त्यावरून दोन तट पडले. सीताबर्डीला रात्री दोन वाजता जेवायला मिळालं तर शहराचं भलंच होईल, असं एक तट म्हणतो. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्यांसमोर आधीच जीव मेटाकुटीला आलाय, आता रात्रभर बसायचं का, असं दुसरा. त्याआधी 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं, तेव्हाही असेच तट पडले होते. मी दोन्ही वेळा वाचत राहिले आणि मला बाबा आठवत राहिले. सकाळी नऊ ते रात्री अकरा, आठवड्याचे सातही दिवस. 98 तास होतात. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

बाबांचं दुकान नागपूरच्या महाल भागात, कूलरचं. आता दादा बघतो. मार्च लागला की दुकानापुढे वाळ्याच्या जुड्या येऊन पडायच्या. त्या सोडायच्या, जाळीत दाबून भरायच्या, ताट्या बांधायच्या, पंप तपासायचा, टाकीची गळती डांबरानं बुजवायची. बाबांच्या तळव्यांत वाळ्याची कुसळं घुसलेली असायची आणि आई रात्री चष्मा लावून सुईनं ती काढायची. शर्टाला, पाकिटाला, ते माझी वही तपासायला घेत तिच्या पानांनासुद्धा ओल्या वाळ्याचा वास. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 पर्यंत गेला होता. असल्या शहरात नवतप्यात, मे अखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, कूलरवाल्यानं सुटीवर जाणं म्हणजे पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यानं तीर्थयात्रेला जाणं. पण शाळेला सुटी नेमकी तेव्हाच. विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, म्हणून आमची सुटी लांबलचक, आणि त्या सगळ्या लांबलचक सुटीत बाबा नाहीत. आम्ही आईबरोबर आर्वीजवळच्या आजोळी. एका वर्षी ते रात्रीच्या एसटीनं आले, अंगणात माझ्या खाटेशेजारी खाट टाकून झोपले आणि मी उठायच्या आत परत गेले. उशाशी संत्रा बर्फीचा डबा होता. मी तेव्हा आठ वर्षांची होते. ते आले होते हे मला डब्यावरून कळलं.

म्हणून सांगते, 24 तासांच्या या वादात एक माणूस कुणालाच दिसत नाही. 1948 च्या जुन्या कायद्यानं दुकानांना आठवड्यातला एक दिवस बंद ठेवायला लावलं होतं. 2017 च्या कायद्यानं दुकान रोज उघडं ठेवायची मुभा दिली आणि कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी असं म्हटलं. चांगलंच आहे. पण कायदा आला तेव्हा त्यातली बहुतेक कलमं 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होती. महालात, इतवारीत, सक्करदऱ्यात अशी दुकानं किती? बहुतेक ठिकाणी मालक, त्याची बायको आणि एक पोऱ्या. त्या मालकाला सुटी कोणी द्यायची?

आपल्याकडे सुटीसाठी लढलेला माणूस नारायण मेघाजी लोखंडे. त्यांच्या लढ्यामुळं 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांपैकी हा एक, आणि शाळेत आम्हाला तो कोणी शिकवला नाही. पण गिरणीला सुटी म्हणजे दुकानदाराच्या गर्दीचा दिवस, हे तेव्हापासूनच. कामगाराच्या रविवारवर दुकानदार जगतो. आमच्या इतवारीचं तर नावच रविवारच्या बाजारावरून पडलेलं. बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी, सगळी तशीच नावं. ती पडली तेव्हा बाजार आठवड्यातून एकदा भरायचा आणि बाकीचे दिवस मोकळे असायचे, हे मात्र आपण विसरलो.

आता माझ्या इथलं. दादाचं म्हणणं ठरलेलं आहे: "तुमच्या तिकडं सारं जमते, इथं शटर खाली आलं का गिऱ्हाईक गेलं समज." त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि त्याला राज्यघटनेचं संरक्षण आहे. बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली होती; चर्चनं दाद मागितली आणि 1 डिसेंबर 2009 ला इथल्या घटना न्यायालयानं ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. ते न्यायालय माझ्याच गावात आहे, राजवाड्याच्या बागेलगत. शेजारचा दुकानदार रविवारी उघडणारच नाही, ही खात्री मला फुकट मिळाली आहे. दादाला ती नाही, हे खरंच आहे.

पण रविवार वेगळा आणि मोठी सुटी वेगळी. 1963 पासून इथे सुटीचा कायदा आहे, आता वर्षाला किमान चार आठवडे पगारी सुटी. तो नोकरी करणाऱ्यांसाठी. मला, दुकानाच्या मालकिणीला, एक दिवसही तो देत नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याला जर्मनमध्ये 'झेल्ब्स्टश्टेंडिग' म्हणतात आणि इथले धंदेवाले तोच शब्द फोडून सांगतात, 'झेल्ब्स्ट उंड श्टेंडिग', स्वतः आणि सतत. म्हणजे दुखणं तेच आहे. बंद दुकानाचं भाडं मलाही चुकत नाही.

मग जमतं कसं? एक म्हणजे हिशेब. मी माझे दर ठरवताना वर्षाचा खर्च 52 आठवड्यांवर वाटत नाही, 48 वर वाटते. शंभर युरोंमागे साधारण आठ युरो जास्त पडतात. झिप बदलायला आलेल्या माणसाला ते जाणवतही नाहीत, पण ऑगस्टचं भाडं त्यातून निघतं. दादा 365 नं भागतो, त्यामुळे बंद असलेला प्रत्येक दिवस त्याला तोट्याचा वाटतो.

दुसरी गोष्ट मला माझ्या गल्लीतल्या आइस्क्रीमवाल्याकडून कळली. जर्मनीतली पुष्कळशी आइस्क्रीमची दुकानं इटालियन कुटुंबांची आहेत, उत्तर इटलीच्या डोंगरातल्या खोऱ्यांतून आलेली. उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नसते. थंडी पडली की काचेला कागद लावतात आणि गावी जातात ते थेट वसंतात परततात. सगळं गाव उन्हाळ्यात सुटीवर जातं म्हणून त्यांनी जायला पाहिजे असं कोणी मानत नाही. ते बघून मला पहिल्यांदा समजलं की कूलरवाल्याची सुटी मे महिन्यात शोधणं हीच आमच्या घरची चूक होती. त्याची सुटी श्रावणात.

शाळेचा प्रश्न राहतो. त्यात मात्र नागपूर माझ्या पुढे आहे. इथे शाळेचा एक दिवस बुडवून मुलांना विमानात बसवलं तर दंड होऊ शकतो. माझ्या मुलांनी नागपूरची दिवाळी अजून पाहिलेली नाही. दादाच्या मुलीच्या बाईंना चिठ्ठी दिली की तीन-चार दिवस मिळतात.

आणि आणखी एक सांगायला हवं, नाहीतर परदेशातून बोलणं फार सोपं होतं. दुकान बंद ठेवून मिळतो तेवढाच वेळ घरच्यांचा असतो असं नाही. मी बाबांच्या गल्ल्यामागे बसून पाढे पाठ केले. दुपारी एक ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, बाबा शटर अर्धं खाली ओढायचे, चालू कूलरसमोर चटई टाकायचे आणि मी त्यांच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. ते तीन तास माझ्या मुलांना कधी मिळाले नाहीत. इथे दुकानात मूल बसलेलं गिऱ्हाइकाला चालत नाही असं नाही, पण रीतच नाही. मुलं शाळेतून दुसऱ्या संस्थेत, तिथून घरी. मला एकदा ताप भरला तर दुकानावर बसायला या अख्ख्या शहरात माणूस नव्हता. चार दिवस काचेवर कागद. बाबांना टायफॉइड झाला होता तेव्हा शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांनी तीन आठवडे दोन्ही गल्ले सांभाळले आणि रोज रात्री पैसे रुमालात बांधून घरी आणून दिले.

हेच मला दादाला आणि ग्रुपवरच्या दोन्ही तटांना सांगायचं आहे. मला इथे स्पर्धकाशी ओळख काढून, दोन वर्षं कॉफी पिऊन जो भरवसा कमवावा लागला, तो महालात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. "भाऊ, जरा दुकानाकडं लक्ष ठेवा," हे वाक्य तिथे दिवसातून दहादा कानावर येतं. बँकेत जायचं आहे, जेवायला जायचं आहे, कुणाच्या मयतीला जायचं आहे. लेकीला घेऊन पाच दिवस जायचं आहे, यासाठी ते कोणी वापरत नाही, कारण मयतीला जाणारा दुकानदार आपल्याला समजतो आणि फिरायला जाणारा आळशी वाटतो. गिऱ्हाईकही आपणच असतो. बंद शटर बघून "माजले" म्हणणारेही आपणच. ज्यांना रात्री दोन वाजता दुकान उघडं हवंय त्यांच्याशी माझं भांडण नाही. तीन पाळ्यांत माणसं ठेवता येतील त्यांनी जरूर ठेवावीत. पण एकट्याच्या दुकानाला त्यांच्याशी घड्याळाची शर्यत लावायला सांगू नका. तो ती हरणारच आहे, आणि हरताना त्याची पोरंही मोठी होऊन गेलेली असतील.

माझ्या मुलांची उन्हाळ्याची सुटी जुलैच्या अखेरीस लागते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, म्हणजे नागपूरला येतो ते पोळ्याच्या सुमारास. गेल्या खेपेला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तिन्ही पोरं लाकडी बैल घेऊन निघाली. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याला न्हाऊ घालून पुरणपोळी देतात, हे मी माझ्या धाकट्याला समजावत होते, तेव्हा दादाची नऊ वर्षांची लेक म्हणाली, "बाबांचा पोळा केव्हा असते?" तिनं सहज विचारलं होतं. दादा तिथेच मिक्सरची मोटर उघडून बसला होता. त्यानं मोटर बाजूला ठेवली, हार्डवेअरवाल्या काकांच्या मुलाला हाक मारली आणि शटर खाली ओढलं, पूर्ण. संध्याकाळपर्यंत तो पोरांबरोबर दारोदार बोजारा, म्हणजे त्या दिवशी पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, गोळा करत फिरला. रात्री परत आलो तर काकांच्या मुलानं दोन मिक्सर आणि एक पंप ठेवून घेतले होते, नावाच्या चिठ्ठ्या टेपनं चिकटवून. तिघंही गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आले.

यंदा त्यानं पोळ्याआधीचे पाच दिवस धरले आहेत. चिखलदऱ्याला, धुक्यात. बाबाही जाणार आहेत. परवा त्यानं फोन करून विचारलं, बोर्डावर नेमकं काय लिहायचं. मी माझ्या काचेवरचा मजकूर मराठीत करून पाठवला: दुकान पाच दिवस बंद, वस्तू शेजारी हार्डवेअरमध्ये ठेवावी, चिठ्ठी घ्यावी. काल फोटो आला. पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं, अक्षर भाचीचं. खाली एक ओळ तिनं स्वतःची घातली आहे, "मालक माझ्यासोबत गेले आहेत." दादा ती खोडायला निघाला होता, बाबांनी राहू दे म्हटलं.