गिट्टी गेली कुठं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काळ्या रानातल्या पाणंद रस्त्याखाली प्लॅस्टिकचं कापड (जिओटेक्स्टाइल) अंथरणं ही बिल फुगवायची नवी सोय आहे, त्याच पैशात आणखी दगड टाकला तर रस्ता टिकेल, आणि कापड मातीआड गेलं की ते टाकलं की नाही हे बघणार कोण? शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, त्यावर खाली लिहितो. ‘आणखी दगड टाका’ हे मात्र पटत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या मानवत-पाथरीकडचा एखादा खचलेला खडीचा रस्ता पावसाळ्यानंतर आडवा खोदून बघा. वर थोडी सुटी गिट्टी लागते. त्याखाली गिट्टी कुठं संपली आणि माती कुठं सुरू झाली, ती रेघच सापडत नाही. एकेक दगड काळ्या चिखलानं लिंपलेला निघतो, अंगठ्यानं चोळला तरी स्वच्छ होत नाही. गावात म्हणतात, ठेकेदारानं गिट्टी खाल्ली. काही ठिकाणी खाल्लीही असेल. पण पुष्कळदा गिट्टी टाकलेली असते आणि ती मातीनं गिळलेली असते. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, दोन-तीन टक्क्यांवर येतो. वरून उसाची भरलेली ट्रॉली गेली की दगड खाली रुततो आणि पातळ चिखल फटींतून वर चढतो. दगडात दगड अडकून थराला जो जोर येतो, तो मध्ये चिखल शिरला की संपतो. तुम्ही म्हणता त्या दगडाच्या वाढीव ट्रिपाही त्याच वाटेनं जातात.

कापडाचं काम इथंच आहे. चिखल वर येऊ द्यायचा नाही, दगड खाली जाऊ द्यायचा नाही, पाण्याला मात्र वाट ठेवायची. जिओग्रिड ही वेगळी वस्तू. ती जाळी असते, तिच्या घरांत गिट्टी अडकून बसते आणि चाकाखाली बाजूला सरकत नाही. त्यामुळं थराची जाडी हिशेबानं कमी करता येते. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी 59 या मार्गदर्शिकेत ते दिलेलं आहे. अंदाजपत्रकात दोन्ही एकच समजून लिहिलं असेल तर जरूर हरकत घ्या.

माती फुगण्याचं काय, असंही तुम्ही विचारलंत. पातळ कापडानं ते थांबत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला लांबच लांब भेगा पडतात, मृगाचं पाणी त्यांतून थेट रस्त्याच्या पोटात जातं. त्याला दोन्ही बाजूंच्या नाल्या, पाणी अडवणारी घट्ट दाबलेली साइडपट्टी आणि जिथं माती फार खोल आहे तिथं चुना मिसळून वरचा थर सुधारणं, हेच उपाय. नाली काढायची नसेल तर कापडावर खर्चच करू नये, इतकं माझं मत ठाम आहे. आपल्याकडं बांधाची दोन हात जमीन जाते म्हणून नालीलाच सगळ्यांचा विरोध असतो, हेही तितकंच खरं.

आता देखरेख. कापड अंथरायच्या दिवशी गावातली दोन-चार माणसं हजर राहिली पाहिजेत. एका पट्टीवर दुसरी पट्टी किती चढली ते टेपनं मोजा: इतक्या नरम मातीवर साधारण दोन ते तीन फूट हवी, किंवा जोड शिवलेला हवा. टिप्पर थेट कापडावर चढला तर काम थांबवा. ढीग मागं ओतायचा आणि मुरूम पुढं ढकलत न्यायचा, चाकं कायम मुरमावर. रोल उन्हात उघडे पडलेले नकोत, कारण पॉलिप्रॉपिलीन उन्हानं कमजोर होतं. मातीआड गेल्यावर तेच कित्येक वर्षं टिकतं. मोबाईलवर फोटो काढा, रोलवरच्या लेबलचाही.

आणि तुमच्या पाणंदीच्या अंदाजपत्रकात सीबीआरचा आकडा आहे का ते बघा. नमुना चार दिवस पाण्यात ठेवून काढलेला असला पाहिजे. कोरड्या मातीचा आकडा आपल्या पावसाळ्यात कामाचा नाही. तो कागद मला पाठवलात तर कापड लागतंय, जाळी लागतंय की दोन्ही नको, ते बघून सांगतो.