जुनी डिझेल स्विफ्ट बिनखर्चाची नसते

“२०११ ते २०१३ मधली डिझेल स्विफ्ट डोळे झाकून घ्या. फियाटचे इंजिन आहे, तीन लाख किलोमीटर हात लावावा लागत नाही. बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे तो खर्चच नाही. बावीसचे ॲव्हरेज मिळते, पार्ट गल्लोगल्ली मिळतात आणि दिल्लीची गाडी आणली तर अर्ध्या किमतीत पडते.” या आशयाचा संदेश व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. साठवलेले दोन-अडीच लाख रुपये घेऊन पहिली चारचाकी शोधणारी कुटुंबे त्याच्या भरवशावर विसार देऊन मोकळी होतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

इंजिनाबद्दलचे कौतुक खोटे नाही. १२४८ सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे हे फियाटचे मल्टिजेट इंजिन मारुतीने परवान्यावर मानेसरला बनवले, पुढे मागणी पुरवण्यासाठी २०१२ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातूनही घेतले, आणि डिझायर, रिट्झपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्या त्याच्यावर धावल्या. परंतु नावाजलेले इंजिन आणि आपल्या समोर उभी असलेली गाडी यांत फरक असतो. तीन लाख किलोमीटर ज्यांची इंजिने न खोलता चालली, त्यांनी दर दहा हजारांना किंवा त्याआधीच ऑइल बदललेले असते, आणि तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून घेतलेल्या गाडीत ते कोणी केले होते की नाही, हे मीटरवरचा आकडा सांगत नाही. मीटर मागे फिरवलेले असण्याची शक्यता तर वेगळीच.

चेनचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचा असतो आणि तेच काम करणाऱ्या चेनला तशी मुदत दिलेली नसते, एवढे बरोबर. मात्र ही चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुने, काजळीने घट्ट झालेले किंवा पातळीपेक्षा कमी असेल, तर टेन्शनर सैल पडतो, चेनच्या कड्या झिजून ती लांबते आणि एखादा दात सोडून पुढे सरकली, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे, तुटतात. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावते, त्यामुळे एक लिटर जळून गेले तरी तिसरा हिस्सा कमी झालेला असतो. चेन, टेन्शनर आणि चेनला जागेवर ठेवणारे गाइड मजुरीसह वेळेवर बदलले, तर खासगी गॅरेजात साधारण बारा ते अठरा हजारांत काम होते, पण चेन उडाल्यानंतर इंजिनाचे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, खोलावे लागते आणि बिल त्याच्या दुपटी-तिपटीवर जाते.

साताऱ्यात माझ्या मेहुण्यासाठी आम्ही अशी एक गाडी पाहायला गेलो होतो. पॉलिश केलेली, नवी सीट कव्हरे घातलेली. सकाळी आठ वाजता बॉनेटवर तळहात ठेवला, तर पत्रा कोमट होता, म्हणजे आम्ही येण्याआधीच ती चालू करून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी न कळवता गेलो. थंड इंजिन चालू होताच चेनच्या बाजूने दोन-तीन सेकंद सुटी साखळी डब्यात हलवावी तशी खडखड आली आणि मग थांबली, म्हणजे ऑइलचा दाब येईपर्यंत चेन सैल होती. ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढली, तर ऑइल खालच्या खुणेला जेमतेम टेकले होते. शेवटचे ऑइल कधी बदलले, हे मालकाला आठवत नव्हते. जुन्या डिझेल स्विफ्टची तपासणी या दोन-तीन सेकंदांपासून सुरू झाली पाहिजे, असे मी कळकळीने सांगेन.

ॲव्हरेजचा हिशेब मांडून पाहू. २०११ च्या मॉडेलचा प्रमाणित आकडा लिटरला २२.९ किलोमीटर होता, परंतु शहरात जुन्या गाडीने अठरा दिले तरी पुष्कळ झाले. महिन्याला ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणाऱ्याला सुमारे ३३३ लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले, तर तीस हजार. पेट्रोल स्विफ्टने पंधरा दिले आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर ४१,६०० रुपये. वर्षाची बचत साडेअकरा हजारांच्या आसपास आहे, आणि इंजिनात डिझेल फवारणारा एकच नवा इंजेक्टर बसवला की ती संपते. इंजेक्टर चार असतात. इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो गेला तर नव्याला पंचवीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात. रोजचे रनिंग मोठे नसलेल्या माणसाने पेट्रोलच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पार्ट सहज मिळतात, हे मान्य. नाना पेठेत किंवा कुर्ल्यात या गाडीचे काय मिळत नाही! तरीही एक पार्ट स्वस्त असणे आणि गाडी स्वस्तात चालणे ही एक गोष्ट नव्हे, कारण बारा वर्षांहून जुन्या गाडीत ही कामे एकापाठोपाठ निघतात. क्लच सेट मजुरीसह आठ ते बारा हजार, पुढच्या सस्पेन्शनचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि शॉकअपचे माउंट मिळून आठ-दहा हजार, एसीची कूलिंग कॉइल गळत असेल तर गॅससह सहा-आठ हजार, चार टायर सोळा ते वीस हजार. इंजिनाला हात न लावताही पहिल्या वर्षी चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवावे लागतात.

दिल्लीची गाडी स्वस्त का, याचे उत्तर संदेशात नसते. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या दिल्लीत चालवण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे २०१५ चे आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे आदेश आल्यावर तिथे त्यांचे भाव पडले. ती गाडी इथे आणायची, तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नव्याने नोंदणी हे सर्व करावे लागते, आणि त्यात एजंटचे पैसे धरले की ‘अर्धी किंमत’ उरत नाही. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पुन्हा पासिंगला न्यावी लागेल, तेव्हा नूतनीकरणाचे शुल्क (एप्रिल २०२२ पासून पाच हजार), महाराष्ट्राचा पर्यावरण कर आणि पासिंगसाठी करावी लागणारी डागडुजी, हा सगळा खर्च भाव ठरवतानाच विकणाऱ्याच्या आकड्यातून वजा करून घ्यावा.